मॅग्नेट बघायला आलेले पाहुणे

माघ लागला की निगडीत आमच्या समोरच्या मंगल कार्यालयाला दिव्यांच्या माळा चढतात आणि माझे कान तापायला लागतात. या वयात इतर बायकांचे गुडघे दुखतात, माझे कान तापतात. सून म्हणते, रक्तदाब तपासून घ्या. रक्तदाब उत्तम आहे. कान लाजेनं तापतात, आणि ती लाज माझ्या लग्नाच्याही आधीची, पन्नासच्या दशकातली आहे. इतकी जुनी लाज घरात कुणाला दाखवायची आणि दाखवून करायचं काय?

परवा तर हद्द झाली. नवरदेवासाठी कुणीतरी एक जुनी विलायती मोटार भाड्यानं आणून दारात उभी केली. पितळी दिवे, बाजूला चढायची पायरी, टप मागे पाडलेला, पुढे हँडल, आणि सगळ्यावर झेंडूच्या माळा. गॅलरीतून बघून माझं समाधान होईना. काठी घेऊन खाली उतरले. फेटा बांधलेला ड्रायव्हर दिवे पुसत होता. त्याला विचारलं, "हँडल मारून चालू होते का रे ही?"

"नाही ओ आजी, हँडल नुसतं शोभेला. आत बॅटरी, कॉइल, सगळं नवीन टाकलंय. नायतर वरात रस्त्यात थांबायची."

"आणि मॅग्नेट?"

"ते काय असतं?"

मग मी त्याला सांगत बसले. त्या काळात असल्या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरी लागायची नाही. इंजिनाच्या कुशीला एक लोखंडी डबा बसवलेला असायचा. वर घोड्याच्या नालेच्या आकाराचे चुंबक, आत बारीक तारेचं गुंडाळं. हँडल मारलं की ते गुंडाळं फिरायचं आणि आपली आपण ठिणगी तयार व्हायची. त्याचं खरं नाव मॅग्नेटो, पण आमचे आबा मॅग्नेटच म्हणायचे आणि आम्हीही. पोरगा म्हणाला, "भारीच की," आणि पुन्हा दिवे पुसायला लागला. म्हाताऱ्या बाईला असलं काय काय ठाऊक असतं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं असेल. मी वर येऊन कान दोन्ही हातांनी झाकून बसले.

आमचं गाव चाकणपासून बैलगाडीच्या वाटेवर. आता तिथे कंपन्यांच्या भिंती आहेत आणि शिफ्ट सुटली की रस्ता ओलांडता येत नाही. तेव्हा माघात सगळ्या शिवाराला एकच वास असायचा, ओल्या कांद्याच्या पातीचा. रांगडा कांदा निघायचा. सकाळी हात बधिर करणाऱ्या थंडीत बाया ओळीनं बसून पात कापायच्या. हाताचा वास भाकरीला लागायचा, भाकरीचा पोटात जायचा, आणि पुरुष चाकणच्या बाजारातून परत आले की त्यांच्या टोपीलासुद्धा तोच वास. मला तो वास आवडायचा. आजही सून कांदा चिरते तेव्हा सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. माझं मात्र मन त्या बांधावर जाऊन बसतं.

तोच महिना लगीनसराईचा. बांधावरून पांढऱ्या टोप्या चालत येताना दिसल्या की बाया विळा थांबवून अंदाज बांधायच्या: कुणाकडचे, कुणाच्या पोरीसाठी. ज्यांच्या घरी पोरगी असे त्या घरची बाई उगाच जोरात विळा चालवायची. मी मराठी सातवी होऊन केव्हाची घरी बसले होते, त्या वर्षी अठरावं लागलं होतं, आणि गावाच्या हिशेबानं ते अंमळ जास्तच झालं होतं. आईचा विळा त्या माघात फार जोरात चालायचा.

आमच्या विहिरीवर आबांनी एका मोटारीचं इंजिन बसवलेलं होतं. खेडच्या घाटात कुणा साहेबाची गाडी उलटली, तिचं इंजिन आबांनी उचलून आणलं आणि पट्टा लावून त्याच्यावर पंप चालवला. गावात पहिलं इंजिन आमचं. माणसं जेवणं टाकून बघायला यायची. आबा आम्हा पोरांना हातात हात धरून उभं करायचे आणि एकाला तार धरायला लावायचे. हँडल फिरलं की झिणझिण्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायच्या आणि सगळी ओळ एकदम किंचाळायची. आबा पोट धरून हसायचे. पुढे तेलावरचं नवं इंजिन आलं आणि जुनं गोठ्याशेजारच्या पडवीत पोत्याखाली गेलं. पण आबा दर दसऱ्याला पोतं काढून त्याला झेंडू वाहायचे. मोडीत घालायचा विषय काढला तर जेवणावरून उठायचे.

एका बाजारच्या दिवशी आबा घरी आले ते टोपी न काढताच आईजवळ चुलीपाशी जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले तर दोघं गप्प झाली, तेव्हाच मला कळलं. कांद्याचे दलाल गेनूभाऊ बाजारात त्यांना म्हणाले होते, "चिंचवडचे अण्णा तुमच्याकडं येतो म्हणत्यात. आपल्यातलंच घर हाय. पोरगा लग्नाचा हाय त्यांचा, त्येला बी संगं आणत्याल. रविवारी घरी ऱ्हावा." एवढं बोलून गेनूभाऊ लिलावाकडे पळाले. कशासाठी येतात हे आबांनी विचारलं नाही. आमच्यात तसं कुणी विचारतच नाही. येतो म्हटलं तर या म्हणायचं. माघात, लग्नाचा पोरगा घेऊन, अनोळखी घरी माणूस येतो तेव्हा विचारायचं तरी काय राहतं?

रविवारपर्यंत आईनं घर दोनदा सारवलं. शेजारच्या सरूकाकूची बोरमाळ माझ्यासाठी मागून आणली, म्हणजे गावात दवंडीच दिली म्हणायची. आईचं ठेवणीतलं इरकली लुगडं मला नेसवलं. पाहुण्यांच्या मानासाठी टॉवेल आणि टोपी आणून ठेवली. मी वरवर कंटाळा दाखवत होते. एरवी मी आरशात न बघता वेणी घालायची, त्या दिवशी मात्र तीन वेळा सोडली आणि तीन वेळा घातली. हे सांगताना आत्ताही माझा हात कानाकडे जातोय.

पाहुणे आले. अण्णा उंच, मिशीवाले, बोलण्यात दिलखुलास. वसंत त्यांचा मुलगा. मी दाराआडून बघितलं तर त्याचा चेहरा दिसेना, माळ्याकडे बघत बसला होता. अण्णा बोलत होते ते आपल्या मोटारीबद्दल. त्यांच्या वडलांनी ती आणली तेव्हा अख्खं चिंचवड गाव बघायला लोटलं होतं म्हणे. मग ती बंद पडली आणि वर्षानुवर्षं गवताच्या गंजीशेजारी उभी राहिली. आता वसंताची वरात त्याच मोटारीतून काढायची असा अण्णांनी पण केला होता.

"सगळं झालं बघा," अण्णा म्हणाले. "टप शिवला, दिवं उजळलं. पर मॅग्नेट मेलाय. कासारवाडीच्या मिस्तरीनं तार नवी गुंडाळून दिली, तर थंड असंस्तोवर ठिणगी देतो, तापला की मुका. पुण्याच्या जुन्या बाजारात एक घावला, तो उलटा फिरणारा निघाला. देहूरोडला मिलिटरीचा माल निघतो तिथं गेलो, मुंबईची दुकानं पालथी घातली. सगळी म्हणत्यात, जीपची कॉइल टाका, बॅटरी टाका, पळंल. अरं, पळंल! पर ती आमची मोटार ऱ्हाईल का? वडलांनी आणली तवा हुती तशीच पायजे मला. मढ्यात दुसऱ्याचं काळीज घालून नाचवायचं न्हाई."

आबा मान डोलावत होते. त्यांचं म्हणणं आई नंतर सांगायची: त्यांना वाटलं, पाहुणा आपली ऐपत सांगतोय, दारात मोटार आहे हे आडून सुचवतोय. म्हणून तेही आपल्याकडचं सांगत गेले. विहिरीला पाणी किती, पोरगी कशी कामसू, वाचायला किती हुशार. एकजण मोटारीबद्दल बोलत होता, दुसरा पोरीबद्दल, आणि दोघंही एकमेकांवर भलते खूष होते.

मग मला बोलावलं. पोह्यांचं ताट घेऊन मी गेले, पाटावर बसले. मान खाली, त्यामुळे मला दिसले फक्त हात. वसंतानं ताटली घेतली तेव्हा त्याच्या नखांत काळं तेल होतं. घासून घासून बोटं लाल झालेली, तरी नखांतलं गेलेलं नव्हतं. आबांची नखं तशीच असायची. मला तो पसंत पडला तो तिथेच, त्या नखांवर. आता हसू येतं. लोक नाकडोळे बघतात, शेतजमीन बघतात.

अण्णा एकदम गप्प झाले होते. मग म्हणाले, "नाव काय बाळ?"

"यमुना."

"शिकलीस किती?"

"सातवी."

"ब्येस," म्हणाले. आईनं माझं मण्यांचं तोरण पुढे केलं, ते त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितलं, चांगलं आहे म्हणाले. मुलगी समोर येऊन बसली आणि नावही विचारलं नाही, हा त्यांच्या लेखी घोर अपमान झाला असता. त्यांनी आपली रीत पाळली आणि त्या रीतीनं आमचा गळा कापला.

पुढचं मी कितीदा आठवलंय. अण्णांनी पिशवीतून नारळ काढला, हळदकुंकवाची पुडी काढली, आणि बाजूला ठेवली. आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिनं सरूकाकूला हाक मारली. सरूकाकू दाराशीच होती, दुसरीकडे कुठे असणार! तिनं पुडी उचलून माझ्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ माझ्या ओटीत घातला, आणि मागच्या दारानं निघून गेली. बातमी गरम असतानाच तिला घरोघर पोचवायची होती. अण्णा तोंड किंचित उघडं ठेवून माझ्या ओटीतल्या नारळाकडे बघत राहिले. मग घसा खाकरून आबांना म्हणाले, "आता इंजिन दावता का?"

"इंजिन?" आबा म्हणाले.

"तुमच्या इहिरीवरचं जुनं. आमच्या मोटारीच्या जातीचंच हाय आसं कळलं. त्येचा मॅग्नेट बघावा म्हणून आलो. गेनूभाऊ बोललं न्हाईत व्हय?"

आईच्या हातातला तांब्या हातातच राहिला. आबा उठले. त्यांच्या मानेवर खालून वर लाली चढत गेलेली मला पाटावरून दिसली. माझे कान तापले ते तेव्हा पहिल्यांदा.

"बोललं की गेनूभाऊ," आबा म्हणाले. "सगळं बोललं. चला. यमे, तो नारळ घिऊन ये."

नारळ मुळात इंजिनासाठीच आणलेला होता. जुन्या लोखंडाला हात लावायचा, काही काढून न्यायचं, तर आधी पूजा करायची म्हणून. आबांना दाखवायचं होतं की आपल्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून त्यांनी माझ्या ओटीतला नारळ काढून मागितला. मी तो घेऊन त्यांच्या मागून पडवीत गेले, लुगड्याचा ओचा सावरत, गळ्यात सरूकाकूची बोरमाळ, कपाळावर ते कुंकू. आबांनी पोतं बाजूला केलं आणि नारळ इंजिनापुढच्या दगडावर फोडला. ओटीत पडलेला नारळ असा फोडत नाहीत. आबांना ते माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, आणि मी तर तिथेच उभी होते.

आणि मग त्या दोघांचे चेहरे! अण्णांनी टोपी काढून हात जोडले. वसंत गुडघ्यावर बसला, धूळ फुंकली, चुंबकांवरून बोटं फिरवली, दांडा हातानं गर्रकन फिरवला. निळी ठिणगी उडाली. तो हसला. अण्णांकडे वळून म्हणाला, "हाच अण्णा! सुलटा फिरतोय. बैठक पन तीच." इतका वेळ माळ्याकडे बघणारा माणूस, त्याचे डोळे कसे चमकतात ते मी तेव्हा पाहिलं. आणि मला लोखंडाच्या एका डब्याचा हेवा वाटला. नाकारलं गेल्याचं दुःख मला झालं नाही, कारण नाकारायला मला मागितलंच कुणी नव्हतं. मी तीनदा वेणी घातली होती, हे आठवून मात्र जीव नकोसा झाला.

त्यांनी किंमत विचारली. आबा म्हणाले, "पाव्हण्याकडनं लोखंडाचं पैसं घ्यायचं व्हय? न्या." मॅग्नेट काढून झाला तोवर आईनं तिकडून टॉवेल-टोपी पाठवली, मान मोडायचा नाही म्हणून. टोपी अण्णांनी डोक्यावर ठेवली. टॉवेलात वसंतानं मॅग्नेट गुंडाळला आणि तान्हं मूल न्यावं तसा छातीशी धरून बैलगाडीत चढला.

लाज ही बाईचा दागिना आहे, असं शाळेतले गुरुजी सांगायचे. आम्ही मुली ते सुंदर अक्षरात पाटीवर लिहायचो. त्या गुरुजींना कधी लाज वाटली होती की नाही कोण जाणे. लाज माणसाला शोभत नाही. लाजलेला माणूस वाकडा चालतो, खोटं बोलतो, आणि ते निभवायला आणखी खोटं बोलतो. आबांचं तेच झालं.

दुसऱ्या दिवशी कांद्याच्या वाफ्यात सगळ्या बायांसमोर सरूकाकूनं विचारलं, "काय कळवलं मग पाव्हण्यांनी?" आबांपुढे दोनच वाटा होत्या. पाहुणे यंत्र बघायला आले होते आणि आम्ही पोरगी बसवली, असं सांगितलं असतं तर माझ्या लग्नापर्यंत, आणि लग्नानंतरही, गाव हसलं असतं. काही कळवलं नाही म्हणाले असते तर पोरीला नकार आला, म्हणजे पोरीतच खोट. आबांनी तिसरी वाट काढली. "आमीच न्हाई म्हणलं," ते म्हणाले.

"का वं? पोरगा तर ब्येस दिसत हुता."

"हाय थोडं," आबा म्हणाले आणि पाण्याचा पाट फोडायला निघून गेले.

हे 'हाय थोडं' कुठवर गेलं म्हणता! आमच्याकडे सांगितलेल्या गोष्टीला हद्द असते, न सांगितलेलीला नसते. होळीपर्यंत चिंचवडच्या त्या पोराला फिट येत होत्या. पाडव्यापर्यंत त्याच्या छातीत दोष निघाला. कांद्याच्या गाड्यांबरोबर ही बातमी चाकणला गेली, चाकणहून पुढे. आबा ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. जेवताना भाकरी कुस्करत बसायचे. एकदा आई म्हणाली, "आवं, त्या पोराचं वाटुळं हुईल." आबा म्हणाले, "मग माज्या पोरीचं करू?" मी परातीत पीठ मळत होते. आमच्या दोघांतलं एक वाटोळं निवडायचं होतं आणि आबांनी निवडलं होतं. आणि मला त्याचा आधार वाटला. त्याचीही लाज वाटली, पण आधार वाटला हे खरं.

मध्येच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला उगीच चुटपुट लागायची. माझं लग्न पुढल्या वर्षी झालं, पिंपरीत, आणि चांगलं झालं. नवरा कारखान्यात होता, सज्जन होता, माझ्या हातचा कांद्याचा झुणका त्याला प्राणप्रिय. त्याच्याविषयी माझी तक्रार नव्हती आणि नाही. हा लेख त्याच्याविषयी नाही, इतकंच.

पाडवा होऊन गेला होता. दुपारची वेळ, ऊन तापायला लागलेलं. मोटारीचा आवाज आला. आबा ओट्यावर चऱ्हाट वळत बसले होते, ते कान टवकारून उठले आणि आनंदानं म्हणाले, "आपला मॅग्नेट!" खरंच, त्यांनी आवाजावरून ओळखला. पुढच्याच क्षणी त्यांना बाकीचं आठवलं आणि ते होते तिथे खाली बसले.

काळी, चकचकीत मोटार आमच्या दारात उभी राहिली. वसंत चालवत होता. गाव तिच्याभोवती गोळा झालं. वसंत बाहेर गाडीपाशीच थांबला आणि अण्णा एकटे आत आले. आई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेली. अण्णांनी हात आडवा केला.

"पाणी मागनं, वैनी. आदी मला सांगा, आमच्या वसंतात काय खोट दिसली तुमास्नी?"

आमच्याकडे पाणी नाकारणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आई तांब्या घेऊन मागे सरकली.

"वसंताची कासारवाडीला सोयरीक जुळली हुती, ती मोडली," अण्णा म्हणाले. "तिथी काढायची ठरली हुती. म्हणत्यात, चाकणकडल्या लोकांनी नाकारलेला पोरगा आमी कशापायी करू? आवं, मी तुमची पोरगी मागितलीच न्हवती. मग नाकारलं कुणी अन् कसं?"

आबा जमिनीकडे बघत होते. माझ्या बापाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवलं नाही. मी आतून बाहेर आले आणि सांगून टाकलं.

"अण्णा, तुमी मॅग्नेट बघाया आला हुता. आमी समजलो, मला बघाया आलात. लोकांनी इचारलं तवा आबा लाजंपायी म्हणलं, आमीच न्हाई म्हणलं. तुमच्या पोरात खोट न्हाई. आमच्यातच झाली."

अण्णा उंबऱ्यातच बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपी आम्हीच दिलेली होती. बराच वेळ ते तिच्यावरून हात फिरवत राहिले.

"मला त्याच दिवशी उमगलं हुतं, पोरी," ते म्हणाले. "तुजं नाव इचारलं तवाच. पर मॅग्नेट हातात आला न्हवता. तवाच बोललो आसतो, तर तुमी तो दिला आसता का? म्हणून गप बसलो. तुज्या ओटीतला नारळ फुटला तरी गप बसलो." मग आबांकडे वळून म्हणाले, "मग आता मागतो. रीतसर मागतो. पोरगी द्या आमाला."

त्यांनी वसंताला हाक मारली. तो हात पुसत दारात आला, अण्णांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं म्हणायचं. आणि मान हलवली, होय अशी. ती बापाच्या शब्दाखातर हलली, चूक भरून द्यायची म्हणून हलली, की मनापासून हलली, हे मला ठरवता आलं नाही. अजून येत नाही.

बाहेर गाव कान लावून उभं. मी होय म्हणाले असते तर आबा सगळ्या गावात खोटे ठरले असते. नकार दिलेल्या घरी पोरगी कशी दिली, म्हणून लोकांनी खणून खणून खरं काढलं असतं, आणि माझं लग्न म्हणजे एका मॅग्नेटाची भरपाई झाली असती. मी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाले, "न्हाई. आबांनी सांगितलंय तेच खरं धरा. कासारवाडीला सांगा, पोरगा सोन्यासारखा हाय, पोरगीच हेकट. तिला चिंचवडला नांदायचं न्हवतं."

आबांनी मान वर केली. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "बरं. यका बारीला मनातलं मनात ठिवून बसलो, त्येचं ह्ये आसं झालं. आता तू तोंडानं बोललीस त्येच धरतो, बाळा. त्येच्या पल्याडचं काय बी धरीत न्हाई." त्यांनी आईच्या हातातून तांब्या घेतला, पाणी प्यायले आणि उठले.

आबा त्यांच्याबरोबर ओट्यावर गेले. कित्येक दिवसांत त्यांचा आवाज असा मोकळा निघाला नव्हता. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरात काय बी खोट न्हाई! आमची पोरगीच न्हाई म्हणती!" वसंतानं हँडल मारलं. एका हिसक्यात इंजिन धरलं आणि आबा भान विसरून म्हणाले, "बघा, कसा बोलतोय!"

मी आत चुलीपाशी उभी होते. आमच्याकडे पहिल्या 'नको'ला कुणी नको समजत नाही. भाकरी वाढली की नको म्हणायचं, चहा पुढे केला की नको म्हणायचं. समोरच्यानं आग्रह करायचा, आणि मग घ्यायचं. पहिल्या बोलीतच हात पुढे करणारी माणसं हावरट. मला लहानपणापासून तेच शिकवलं होतं. मी नाही म्हणाले ते सगळं खरं होतं, आबांसाठी म्हणाले तेही खरं. आणि अण्णा दुसऱ्यांदा विचारतील, हेही मी धरून चालले होते. मोटारीचा आवाज ओढ्यापलीकडे गेला, मग ऐकू येईनासा झाला. आई मला बस म्हणाली नाही. आणि मी पदर नीट करून, दाराकडे बघत तशीच उभी होते.